ठकीचा पहारा

गच्चीवरचे कपडे काढून ती खाली आली तर दार बंद. नुसतं लोटलेलं नव्हे, आतून कडी घातलेलं. कपड्यांचा ढीग हनुवटीखाली दाबून धरत तिनं आधी कोपरानं दार ढकलून पाहिलं, मग गुडघ्यानं, आणि मग हाक मारली, "ठके, दार उघड गं."

आतून पावलं दुडदुडत आली आणि दारापाशी थांबली. चार वर्षांच्या गळ्याला जमेल तेवढा करडा आवाज आला, "थांबा! कोण आहे?"

"मी आहे. आई."

"परवलीचा शब्द?"

ती हसली. तेव्हा तिला अजून हसू येत होतं. "अगं राणी, हातात ओझं आहे. आधी दार उघड, मग खेळू."

"हा खेळ नाहीये," आतून उत्तर आलं. "पहारा आहे."

आता हे पहाऱ्याचं प्रकरण सांगायला हवं. ठकीचे बाबा सैन्यात होते. त्यांची बदली दूर डोंगरातल्या ठाण्यावर झाली, तेव्हापासून अख्ख्या इमारतीनं या मायलेकींना पंखाखाली घेतलं होतं. इमारत म्हणजे तरी काय, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं आणि मधे एक अरुंद जिना. पण त्या जिन्यानं वर-खाली करणारा प्रत्येक माणूस तिच्या दारापाशी पाऊल हळू करायचा आणि "काही हवंय का, वहिनी?" असं विचारूनच पुढे जायचा. "नको" म्हटलं तर त्यांचे चेहरे उतरायचे, म्हणून ती अधूनमधून उगाच काहीतरी मागायची.

असंच एकदा ती बोलून गेली, की दाराची कडी जरा खुळखुळते. संध्याकाळी सुतारकाका हत्यारांची पेटी घेऊन हजर. त्यांनी जुनी कडी उपटून काढली आणि अंगठ्याएवढी जाड लोखंडी कडी बसवली. तीही खाली, ठकीच्या हाताला येईल अशी. "घरात दोघीच असता. लेकीलाही लावता आली पाहिजे," ते म्हणाले, आणि जाताजाता दारावर थाप मारून म्हणाले, "आता रणगाडा आणा म्हणावं." ते पाहून तळमजल्यावरच्या शिंपीमामांना वाटलं, आपण मागे पडलो. त्यांनी खिडक्यांना असे दुपदरी पडदे शिवून दिले, की माणूस सोडा, बाहेरून ऊनसुद्धा आत डोकावू शकत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वतः उभं राहून गॅलरीला जाळी बसवून घेतली, आणि तिच्या सळ्या त्यांनी दातांसारख्याच एकेक हलवून तपासल्या.

राहता राहिले समोरच्या दारातले सुभेदार. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता, पण मिशा अजून नोकरीत होत्या. त्यांना ना करवत धरता येत होती ना सुई. मग जे त्यांच्याकडे होतं ते त्यांनी दिलं. ठकीला त्यांनी नात मानलं आणि शिकवलं मात्र शिपायासारखं.

आई बाहेर गेली की कडी लावायची. शब्द विचारायचा. ओळखीचा आवाज आला म्हणून भुलायचं नाही, आवाजाची नक्कल होते. शब्द खणखणीत आला पाहिजे. कुजबुजणारा माणूस संशयास्पद. चुकीचे शब्द फार यायला लागले, तर शत्रूला सुगावा लागला असं समजायचं आणि तो शब्दच बाद करायचा. हे सगळं ठकी कमरेवर हात ठेवून ऐकायची. सगळ्यात शेवटी सुभेदार जरा खाली वाकून सांगायचे, "आणि हे बघ. ही चौकी तुझ्या बाबांची आहे. त्यांच्या जागी तू उभी आहेस. तुला पहाऱ्यावरून उतरवायचा अधिकार फक्त त्यांचा. मी सांगितलं तरी उतरायचं नाही. कळलं?"

"कळलं!" ठकी ओरडायची, आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या तिच्या आईला उगाच कांदा चिरल्यासारखं व्हायचं.

रोज सकाळी सुभेदार नवा शब्द ठरवायचे. तो ठकीला सांगायचे आणि तिच्या आईलाही. आज सकाळी ते आले तेव्हा ती आंघोळीला गेली होती. म्हणून आजचा शब्द तिला माहीत नव्हता.

"ठके," ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "मी तुझी आई आहे हे तुला कळतंय ना?"

"हो."

"मग?"

"मग शब्द सांग."

आणि तेव्हा तिला आठवलं, की फोन आत आहे. टेबलावर, चार्जिंगला.

तिचं हसू गेलं.

ठकीचे बाबा उद्या सकाळी वरच्या ठाण्यावर निघणार होते. तिथे फोन नव्हता. बर्फ वितळून वाट उघडेपर्यंत नुसती पत्रं, तीही खालून वर जाणाऱ्याच्या खिशातून. आज दुपारी त्यांना एकदा फोन करू देणार होते, तोही थोडाच वेळ. मागे रांगेत बाकीचे उभे असणार. त्यात एक गोष्ट होती जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. ठकी बाबांशी फोनवर बोलायचीच नाही. कानाला फोन लावला की गप्प. पदराआड, खुर्चीआड, पलंगाखाली. भिंतीवरच्या फोटोतल्या बाबांना ती रोज गुड नाईट करायची, पण फोनमधला हा घोगरा माणूस आणि फोटोतला तो हसरा माणूस एकच, हे काही तिला पटत नव्हतं. मागच्या खेपेला ते शेवटी म्हणाले होते, "पुढच्या वेळी नुसता आवाज ऐकव तिचा. काहीही बोलू दे. भांडू दे हवं तर." त्यानंतर तिनं ठकीला किती समजावलं होतं. आणि आज ती दाराबाहेर, फोन दाराआत.

तिनं कपड्यांचा ढीग जिन्याच्या कठड्यावर टाकला आणि समोरचं दार ठोठावलं.

"सुभेदारकाका! आजचा शब्द काय आहे हो? ठकी दार उघडत नाहीये."

सुभेदारांनी दार उघडलं. मिशांना पीळ दिला. डोळ्यांत कौतुक चमकलं. "नाही ना उघडत? शाब्बास! तयार झाली पोरगी. अगं सोपा आहे शब्द, आजचा शब्द आहे…"

इतक्यात त्यांच्या मागे बाई येऊन उभ्या राहिल्या. सुभेदारांचं तोंड उघडं होतं ते तसंच मिटलं.

बाई म्हणजे सुभेदारांच्या पत्नी. शाळेत जन्मभर कवायत शिकवलेल्या. उंचीनं सुभेदारांपेक्षा वीतभर जास्त, खांदे दाराच्या चौकटीला टेकणारे, आणि आवाज असा की त्यांनी "विश्राम" म्हटलं तरी माणूस दचकून सावधान व्हायचा. सुतारकाका आणि डॉक्टर दोघेही त्यांच्या हाताखालून गेलेले. बाई जिन्यात भेटल्या की सुतारकाका अजून पोट आत घ्यायचे.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"शब्द विसरलो," सुभेदार म्हणाले.

"विसरलात? अहो, भरती झालात त्या दिवशी बूट कुठल्या पायाला चावत होता तेही तुम्हाला आठवतं. सकाळचा शब्द विसरलात?"

"वय झालं," सुभेदार म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मग ते एकदम म्हणाले, "अगं, तू जरा आत जाऊन बघ बरं, गॅस बंद आहे का."

"बंद आहे."

"मग चालू आहे का बघ."

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या जिन्यात येऊन भक्कम उभ्या राहिल्या. "आजचा फोन महत्त्वाचा आहे ना गं?" त्यांनी तिला विचारलं. तिनं मान हलवली. बोलली असती तर रडू आलं असतं. बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी कठड्यावरून खाली वाकून एकच आरोळी दिली, "सगळे वर या!"

इमारत वर आली.

सुतारकाका पेटीसकट आले, शिंपीमामा गळ्यातल्या टेपसकट, आणि वरून डॉक्टर पांढऱ्या कोटाची बटणं लावत उतरले. दवाखान्यात निघाले होते. झालेला प्रकार ऐकून तिघांच्याही चेहऱ्यावर आधी काळजी दिसली आणि मग, लपवूनही लपेना असा, अभिमान.

"नुसत्या शब्दासाठी आईलासुद्धा आत घेत नाही?" शिंपीमामा म्हणाले. "वा!"

"वा काय वा," ती म्हणाली. "मामा, फोन येईल हो आता."

"मी आहे ना," सुतारकाका म्हणाले आणि पेटी उघडून बसले. त्यांनी दाराच्या कडेला पटाशी लावली, रेटली, वाकवली, काढली. दुसरी लावली. घाम पुसला. मग दाराकडे बघत राहिले, स्वतःचंच चित्र टांगलेलं असावं तसे.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"फट ठेवलीच नाही मी, बाई," सुतारकाका पोट आत घेत म्हणाले. "केसभरसुद्धा नाही."

"मग तोडा."

"तुटेल कशी? मी बसवलीये!" ते जवळजवळ दुखावल्यासारखे म्हणाले. मग तिच्याकडे बघून ओशाळले. "तोडतो, वहिनी. पण चौकटच काढावी लागेल आणि चौकट भिंतीत घेतलीये मी. संध्याकाळ होईल."

संध्याकाळपर्यंत रांगेतला शेवटचा जवानसुद्धा बोलून गेला असता.

मग शब्दांचे अंदाज सुरू झाले. सैन्यातल्या माणसाचा शब्द म्हणजे तसाच असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. शिंपीमामांनी घसा खाकरून "विजय!" म्हटलं. "चुकलं," आतून आवाज आला. सुतारकाकांनी "वाघ!" म्हटलं. "चुकलं." तलवार झाली, तोफ झाली, वीज झाली, वादळ झालं. डॉक्टरांनी "अक्कलदाढ" म्हणून पाहिलं, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "नाही, कधीकधी साधाच शब्द असतो," ते पुटपुटले.

"चुकलं, चुकलं, चुकलं," ठकी आतून म्हणत होती. तिला मजा येत होती असं नाही, पण कंटाळाही येत नव्हता.

"ठके, भूक नाही लागली?" आईनं गळ टाकून पाहिला.

"चौकीत रसद आहे," ठकी म्हणाली. "साखर."

सुभेदार या सगळ्यात भिंतीला टेकून, खाली मान घालून उभे होते. अचानक ते पुढे झाले. "सगळे जरा मागे व्हा," ते म्हणाले. "आणखी मागे. अगं, तूही." मग दाराला अगदी चिकटून, मिशा दाराला टेकवून, ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येत नाही!" ठकी ओरडली. "मोठ्यानं बोला! कुजबुजणारा माणूस संशयास्पद!"

सुभेदार पोळल्यासारखे मागे सरकले.

"आठवला का, काका?" तिनं आशेनं विचारलं.

"नाही, नाही. अंदाज घेत होतो," ते म्हणाले, आणि पुन्हा भिंतीला जाऊन टेकले. बाई त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"गॅलरी," डॉक्टर म्हणाले. "गॅलरीची खिडकी उघडी आहे. फोन टेबलावर ना? टेबल खिडकीला लागून, आणि गॅलरी नावालाच, वीतभर रुंद. जाळीतून हात घातला की फोन हाताला येईल. मी रोज लोकांच्या तोंडात हात घालतो, वहिनी, जाळीत घालायला काय."

सुतारकाकांची शिडी आली. शिंपीमामांनी ती खालून धरली, डॉक्टर कोटासकट वर चढले. जिन्यातल्या खिडकीतून बाकीचे बघत राहिले. डॉक्टरांनी स्वतः तपासून घेतलेल्या सळ्यांमधून मोठ्या मुश्किलीनं हात आत सारला. पुढे शिंपीमामांचा पडदा. तो इतका जाड की पलीकडे टेबल कुठे, फोन कुठे, काही दिसेना. डॉक्टर डोळे मिटून चाचपू लागले, जसे ते दाढेमागची दाढ चाचपत असतील. पडद्याला फुगवटा आला. तो इकडे सरकला, तिकडे सरकला.

आणि आतून लाटण्याचा फटका बसला.

डॉक्टरांची किंकाळी साऱ्या गल्लीनं ऐकली. ते शिडीवरून उतरले की घसरले हे शिंपीमामांनाही सांगता आलं नाही. बोट तोंडात घालून ते वर आले, आणि ते बोट बाहेर काढून म्हणाले, "काय मारलंय! पडदा मधे असताना! नेम बघा!" सुजलेलं बोट त्यांनी सगळ्यांना फिरून दाखवलं. सुतारकाकांनी ते वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मानलं."

"हात पळाला," आतून ठकीनं खबर दिली.

आई मात्र दाराला पाठ टेकून खाली बसली. सगळे तिच्यासाठीच धडपडत होते, हे तिला दिसत होतं. कुणी पटाशी वाकवून घेतली होती, कुणी बोट सुजवून घेतलं होतं. या दारामागे ती रोज निर्धास्त झोपायची ती यांच्याच जीवावर. आता राग धरायचा तरी कुणावर? जी ती गोष्ट मायेनंच केलेली, आणि एवढी पक्की केलेली.

तेवढ्यात आत फोन वाजला.

जिन्यात कुणी हललं नाही. ती ताडकन उठली आणि दोन्ही तळहातांनी दार बडवू लागली. "ठके! बाबांचा फोन आहे! दार उघड! ठके, मी पाया पडते तुझ्या, दार उघड!" तिचा आवाज फाटला.

तो आवाज ऐकला आणि सुभेदार भिंतीपासून सुटले. जिन्याच्या मधोमध येऊन त्यांनी टाचा जुळवल्या, छाती काढली, नजर समोर, बाईंच्या खांद्यावरून पार पलीकडे, आणि परेडच्या मैदानावर टोकाच्या रांगेला ऐकू जावा अशा आवाजात ते गरजले,

"पिटुकली!"

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातून वाटी पडली.

शिंपीमामांनी टेप घट्ट धरला. सुतारकाकांनी बाईंकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. डॉक्टरांनी बोट परत तोंडात घातलं. पाच फूट अकरा इंचांच्या बाई जिन्यात उभ्या होत्या, आणि त्या पहिल्यांदाच कुठे बघावं हे न कळल्यासारख्या दिसत होत्या.

"पिटुकली!" सुभेदार पुन्हा गरजले. चेहरा टोमॅटोसारखा लाल, पण आवाज तसूभरही न हललेला. "पहारेकरी! परवलीचा शब्द, पिटुकली! दार उघड!"

आत फोन वाजतच होता.

"बरोबर आहे," ठकी म्हणाली. "पण आता नाही चालणार, आजोबा. तुम्हीच सांगितलंय. लई चुकीचे शब्द आले. तो शब्द बाद झाला."

सुभेदारांचे खांदे एकदम खाली आले. "हो," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "मीच सांगितलंय." मग ठकीच्या आईकडे वळून, मिशांच्या आड, "पोरी, माफ कर. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. गोळीला कधी मागे सरलो नाही मी, पण ही सगळी मंडळी… आणि ही समोर…"

त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी फोनचा आवाज बंद झाला.

संपलं, असं तिला वाटलं. हात दारावरून घसरत खाली आले. आणि दाराच्या पलीकडून तो करडा आवाज आला.

"थांबा! कोण आहे?"

सगळे जागच्या जागी थिजले. ती दाराला कान लावून उभी राहिली.

"बाबा? कुणाचे बाबा?… परवलीचा शब्द?… नाही माहीत? मग मी कसं ओळखायचं?"

फोनच्या पलीकडे काय बोललं जात होतं ते देवालाच ठाऊक. पण तिला एवढंच कळत होतं, की ठकी बोलतेय. पलंगाखाली नाही, खुर्चीआड नाही. बोलतेय.

"मी पहाऱ्यावर आहे… हो, एकटीच… कडी लावलीये… छे, घाबरायचं काय? एक हात आला होता, त्याला लाटण्यानं मारलं." डॉक्टरांनी मान ताठ केली. "आई बाहेर आहे. सुतारकाका, शिंपीमामा, सगळे बाहेर आहेत. आजोबा पिटुकली पिटुकली ओरडतायत… नाही, नाही उघडलं. शब्द बाद झालाय ना."

मग ठकी एकदम चिडली.

"हसताय काय?"

सुतारकाकांनी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

"हो, सावधान आहे," ठकी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. करडेपणा कुठेतरी खाली ठेवला होता तिनं. "पहारा?… तुम्ही घेणार?… पण तुम्ही तर लांब आहात ना. तिथून आमचं दार दिसतं?"

दाराबाहेर ती ओठ दाबून उभी होती. बाईंचा जाडजूड हात तिच्या खांद्यावर येऊन थांबला.

"बरं," ठकी शेवटी म्हणाली. "मग नीट बघा हं. मधे मधे झोपायचं नाही." आणि मग अख्ख्या जिन्यात घुमेल असं, "पहारा दिला!… तुम्ही 'घेतला' म्हणा ना… मोठ्यानं म्हणा, खणखणीत!… हां."

कडी सरकली. सुतारकाकांची कडी, आवाजही न करता, लोण्यासारखी.

दारात ठकी उभी होती. डोक्यावर पातेलं, कमरेत लाटणं, ओठांभोवती साखर. तिनं पातेल्याला हात लावून सुभेदारांना सलाम केला आणि फोन आईपुढे धरला. "आई, लवकर बोल. बाबांकडे आता दोन पहारे आहेत."

तिनं फोन कानाला लावला. सांगायचं म्हणून मनात किती दिवस साठवलेलं सगळं एकदम दारापाशी आलं आणि तिथेच अडकलं. "अहो," ती म्हणाली, "मी बाहेरच होते हो इतका वेळ."

"ऐकलं मी सगळं," पलीकडून ते म्हणाले. आवाज घोगरा होता, नेहमीपेक्षा जास्त. "तिचा नुसता आवाज हवा होता मला. तिनं तर मला कामाला लावलं. काय रुबाब आहे गं तिचा! कुणी शिकवलं एवढं?"

तिनं जिन्यात नजर फिरवली. वाकलेली पटाशी, सुजलेलं बोट, शिडी धरून काळे झालेले शिंपीमामांचे हात, आणि टोमॅटोतून हळूहळू माणसात येणारे सुभेदार.

"सगळ्यांनी," ती म्हणाली. "इथेच उभे आहेत सगळे."

"धर बरं त्यांच्यासमोर फोन."

तिनं फोन पुढे केला. सुतारकाकांनी "अं" केलं. डॉक्टरांनी घसा साफ केला. तेव्हा बाईंनी एक पाऊल पुढे टाकलं आणि हुकूम सोडला, "साऽवधान!"

इमारत सावधान झाली. शिंपीमामा, सुतारकाका, डॉक्टर, वरच्या मजल्यावरून वाटीसाठी वाकलेले लोक, सगळे. सुभेदारांचा हात कपाळाला गेला आणि तिथेच राहिला. फोनमधून यातलं काहीही दिसत नव्हतं. पण पलीकडेही काही आवाज येत नव्हता, आणि तिला खात्री होती की तिथेही, रांगेतल्या लोकांसमोर, एक माणूस तसाच उभा आहे.

मग त्यांची वेळ संपली. "दार नीट लावून घ्या," ते म्हणाले, "बघतोय मी." आणि फोन बंद झाला.

जिना हळूहळू रिकामा झाला. सुतारकाकांनी जाताना दारावर थाप मारली आणि "बघितलं? हलली नाही!" असं कुणालाही उद्देशून नसलेलं वाक्य म्हणून घेतलं. डॉक्टर उशीर झालेल्या दवाखान्यात बोट दाखवायला गेले. बाई पिशवी उचलून दूध आणायला खाली उतरल्या. त्या गेल्यावर सुभेदार आपल्या घरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

ठकी दमून आईच्या मांडीवरच झोपली, पातेल्यासकट. ते तिच्या डोक्यावरून अलगद काढून ठेवताना आईला आठवलं, कपडे कठड्यावरच राहिलेत. तिनं लेकीला खाली निजवलं आणि हळूच दार उघडलं.

बाई दूध घेऊन वर आल्या होत्या. पाठमोऱ्या, आपल्या बंद दारासमोर. त्यांनी कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून सुभेदारांचा बारीक आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं. मग ज्या आवाजानं पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं रांगेत उभी केली होती तो आवाज दाराच्या फटीशी नेऊन, अगदी हळू, त्या म्हणाल्या,

"पिटुकली."

कपडे तसेच कठड्यावर ठेवून तिनं आपलं दार लोटलं. कडी सरकवताना ती जराही वाजू दिली नाही.